बरोबरीची बेटे

२७ जानेवारी १९९४ रोजी बार्बाडोसच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जमलेल्या प्रेक्षकांनी जे पाहिले, ते त्यापूर्वी कोणी पाहिले नसेल. सामना होता बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. बार्बाडोस २-१ असा पुढे होता. सामना संपायला जेमतेम तीन मिनिटे उरली असताना बार्बाडोसचा बचावपटू सीली आणि गोलरक्षक स्टाउट यांनी चेंडू एकमेकांकडे ढकलला आणि मग सीलीने तो शांतपणे स्वतःच्याच गोलात मारला. २-२ अशी बरोबरी झाली. क्षणभर ग्रेनाडाचे खेळाडू चक्रावले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तेही धावत सुटले, कधी बार्बाडोसच्या गोलाकडे तर कधी स्वतःच्या गोलाकडे! बार्बाडोसचे खेळाडू दोन टोळ्या करून दोन्ही गोल राखत उभे राहिले. म्हणजे काही काळ एक संघ दोन्हीपैकी कोणत्याही गोलात चेंडू घालायला बघत होता आणि दुसरा दोन्ही गोलांचे रक्षण करत होता.

हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. स्पर्धेचा नियम असा होता, की सामना बरोबरीत सुटता कामा नये. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपायचा आणि तो एक गोल दोन गोलांच्या बरोबर धरला जायचा. पुढील फेरी गाठण्यासाठी बार्बाडोसला किमान दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. २-१ हा विजय त्यांच्या उपयोगाचा नव्हता. बरोबरी करून जादा वेळ मिळवावा आणि तिथे दोनाच्या मोलाचा एक गोल करावा, हा मार्ग मोकळा होता. उलट ग्रेनाडाला २-३ असा पराभवही चालला असता, म्हणून त्यांना कुठलाही गोल हवा होता. शेवटी जादा वेळेत बार्बाडोसच्या थॉर्नने गोल केला, ४-२ असा निकाल नोंदला गेला आणि बार्बाडोस पुढे गेला. ग्रेनाडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन संतापले. असले नियम कोणी केले, असा त्यांचा सवाल होता.

स्पर्धेचे नाव होते शेल कॅरिबियन कप. जगात या स्पर्धेची आठवण कोणी काढलीच तर याच सामन्यामुळे काढतो आणि हसतो. पण हसून सोडून द्यावे इतके हे प्रकरण साधे नाही. लाख-अडीच लाख वस्तीच्या दोन बेटांना त्या दिवशी पुढील फेरी इतकी मोलाची वाटत होती, की त्यासाठी ती जगाचे हसे पत्करायला तयार होती. ते मोल कशाचे होते? ज्या स्पर्धेत ही बेटे एकमेकांशी भांडत, ती २०१७ नंतर बंद झाली. आणि तिचा शेवटचा विजेता, कुरसाव, २०२५ च्या नोव्हेंबरात थेट विश्वचषकासाठी पात्र ठरला. आजवर विश्वचषक गाठणाऱ्या देशांमध्ये लोकसंख्येने हा सर्वात लहान. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर छोट्या देशांच्या मोठ्या जगातील स्थानाविषयी बरेच काही कळते.

क्रिकेटमध्ये एक, फुटबॉलमध्ये अनेक

मराठी वाचकाला या बेटांची ओळख क्रिकेटमुळे झाली. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला मिळवलेला विजय आणि त्याच सामन्यात कसोटीत पदार्पण करून सुनील गावसकरांनी त्या मालिकेत केलेल्या ७७४ धावा घरोघरी पाठ होत्या. पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ब्रिजटाउन ही नावे आपल्याकडे रेडिओवरून आली, आणि ती सारी 'वेस्ट इंडिज' या एकाच देशातली शहरे असावीत अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात वेस्ट इंडिज नावाचा देश आज नाही. पोर्ट ऑफ स्पेन त्रिनिदादमध्ये आहे, किंग्स्टन जमैकात, ब्रिजटाउन बार्बाडोसमध्ये. प्रत्येकाचा पंतप्रधान वेगळा, राष्ट्रगीत वेगळे.

असा एक देश करण्याचा प्रयत्न मात्र झाला होता. १९५८ मध्ये ब्रिटिश अमलाखालील दहा घटकांचे वेस्ट इंडिज संघराज्य स्थापन झाले. ते चार वर्षेच टिकले. १९६१ च्या सप्टेंबरात जमैकाने सार्वमत घेऊन बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यावर त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी केलेला हिशेब प्रसिद्ध आहे: दहातून एक गेला की बाकी शून्य. १९६२ मध्ये जमैका आणि त्रिनिदाद स्वतंत्र झाले, संघराज्य मोडले. एकत्रपणाची खूण म्हणून शिल्लक राहिल्या त्या मोजक्या संस्था, आणि त्यांतली लोकांच्या हृदयातली संस्था म्हणजे क्रिकेटचा संघ.

फुटबॉलने असा संसार कधी मांडलाच नाही. तिथे जमैका हा जमैका आणि ग्रेनाडा हा ग्रेनाडा. शिवाय क्रिकेट फक्त इंग्रजांच्या जुन्या वसाहतींत रुजले. फुटबॉल मात्र हैती आणि मार्टिनिकसारख्या फ्रेंच बोलणाऱ्या बेटांवर, स्पॅनिश बोलणाऱ्या क्युबात, डच अमलाखालील कुरसाव, अरुबावर, सगळीकडे खेळला जातो. म्हणजे संपूर्ण कॅरिबियन समुद्र ज्या मैदानावर एकत्र येतो ते क्रिकेटचे नव्हे, फुटबॉलचे आहे. आणि तिथे तो एकत्र येतो एकमेकांविरुद्ध खेळण्यासाठी!

या देशांचा आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून आपल्या ओळखीची मापे घेऊ. जमैका हा या समुद्रातला बऱ्यापैकी मोठा देश. त्याचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या साधारण आपल्या सातारा जिल्ह्याएवढी. बार्बाडोस आणि कुरसाव यांपैकी प्रत्येक बेट मुंबई शहर-उपनगरांपेक्षाही लहान. कुरसावची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, म्हणजे दोन रत्नागिरी शहरे एकत्र केल्यासारखी. एवढ्या वस्तीतून लहान मुले, म्हातारी माणसे, स्त्रिया वगळल्या, की अकरा चांगले फुटबॉलपटू निवडायला किती माणसे उरतात याचा अंदाज वाचकांनीच करावा.

समुद्र, विमान आणि तिजोरी

कॅरिबियन फुटबॉल संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासूनच बेटांची अजिंक्यपद स्पर्धा अधूनमधून भरू लागली. १९८९ मध्ये शेल या तेल कंपनीचे प्रायोजकत्व लाभले आणि स्पर्धेला 'कॅरिबियन कप' हे रूप आले. पहिला चषक बार्बाडोसमध्ये त्रिनिदादने जिंकला. पुढे २०१७ पर्यंत त्रिनिदादने तो आठ वेळा आणि जमैकाने सहा वेळा जिंकला. मार्टिनिक, हैती, क्युबा आणि कुरसाव यांच्या वाट्याला तो प्रत्येकी एकदा आला.

ही स्पर्धा भरवणे हेच एक दिव्य होते. आपल्याकडे एका जिल्ह्याचा संघ दुसऱ्या जिल्ह्यात एसटीने जातो. तिथे पलीकडचे गाव म्हणजे समुद्रापलीकडचा देश. नकाशावर शे-दोनशे मैल दिसणाऱ्या अंतरासाठी कित्येकदा भलत्याच देशात विमान बदलावे लागते. बेटाबेटांना जोडणारी 'लियात' ही जुनी विमान कंपनी २०२० मध्ये कोसळली, यावरून या वाहतुकीचे अर्थकारण किती नाजूक आहे ते कळावे. एका लहान संघटनेचा वर्षाचा खर्च दोन-तीन दौऱ्यांतच संपायचा. साहजिकच काही बेटे वर्षानुवर्षे एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळता राहत.

त्यात निसर्ग आणि राजकारण यांची भर. १९९० ची स्पर्धा त्रिनिदादमध्ये सुरू असतानाच २७ जुलै रोजी जमात-अल-मुस्लिमीन या गटाने बंड केले, संसदेत घुसून पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना सहा दिवस ओलीस ठेवले. ती स्पर्धा अर्धवटच राहिली. त्या वर्षी विजेता म्हणून कोणाचेही नाव नोंदलेले नाही. माँट्सेराट या चिमुकल्या बेटावर १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला. राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली आणि बेटावरच्या बहुसंख्य लोकांना देश सोडावा लागला. उरलेल्या चार-पाच हजारांनी तरीही फुटबॉलचा संघ टिकवला. ३० जून २००२ रोजी, जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होते त्याच दिवशी, हा संघ आपल्या शेजारच्या भूतानमध्ये थिंफूच्या मैदानावर उतरला होता. जागतिक क्रमवारीतल्या तळाच्या दोन संघांची ती लढत. भूतानने ती ४-० अशी जिंकली. माँट्सेराट हरला हे खरे. पण राखेत राजधानी गमावलेला देश झेंडा घेऊन हिमालयात पोहोचला, ही गोष्टही खरीच.

इथे त्या १९९४ च्या सामन्याचे मोल उलगडते. नव्याने स्वतंत्र झालेल्या लहान देशाकडे आपण देश आहोत हे दाखवायला फारशी साधने नसतात. मोठे सैन्य नसते, संयुक्त राष्ट्रांतले भाषण घरी कोणी ऐकत नाही. अकरा मुले मैदानात उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात तेव्हा मात्र सारे बेट ते ऐकते. आणि समोर जर्मनी किंवा ब्राझील असण्याची गरज नसते. शेजारचे बेट असले की पुरते. किंबहुना तेच अधिक रंगते, कारण शेजाऱ्याकडून हरण्याची बोच निराळीच असते.

झेंडा नसलेल्यांचा झेंडा

ज्यांना स्वतःचे राष्ट्रच नाही त्यांच्यासाठी तर ही स्पर्धा आणखी मोलाची होती. मार्टिनिक आणि ग्वादेलूप ही दोन बेटे कायद्याने फ्रान्सचा भाग आहेत. तिथला नागरिक फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतो, खिशात युरो बाळगतो. फिफाचे सभासदत्व या बेटांना नाही, त्यामुळे विश्वचषकाचे दार बंद. तिथला गुणी मुलगा मोठा झाला की फ्रान्सचा निळा सदरा घालतो. १९९८ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध दोन गोल करून फ्रान्सला अंतिम फेरीत नेणारा लिलियन थुराम ग्वादेलूपमध्ये जन्मलेला. थिएरी आँरीचे वडील ग्वादेलूपचे आणि आई मार्टिनिकची.

अशा बेटांना 'आपला' म्हणून संघ दिसायचा तो कॅरिबियन कपात. १९९३ मध्ये मार्टिनिकने जमैकात जाऊन यजमानांनाच अंतिम सामन्यात पेनल्टींवर हरवले आणि चषक नेला. या चषकाच्या पायरीवरूनच उत्तर व मध्य अमेरिकेसह खेळल्या जाणाऱ्या गोल्ड कपात प्रवेश मिळत असे. २००७ मध्ये ग्वादेलूप त्या मार्गाने गोल्ड कपात पोहोचले आणि उपांत्य फेरीपर्यंत गेले. त्या संघात एकेकाळी फ्रान्सकडून खेळलेला जोसेलिन आंग्लोमा होता, वय वर्षे ४१. तारुण्य मोठ्या देशाला दिले आणि उतारवय जन्मभूमीला, असे त्याच्याबाबत म्हणता येईल.

खेळापेक्षा मताला मोल

आता या गोष्टीची दुसरी बाजू. फिफामध्ये प्रत्येक सभासद देशाला एक मत. ब्राझीललाही एक आणि अँग्विलालाही एकच. तत्त्व म्हणून हे सुंदर आहे. व्यवहारात मात्र त्याने छोट्या बेटांच्या फुटबॉलपेक्षा त्यांच्या मताची किंमत वाढवली. कॅरिबियन संघटनेच्या ३१ सभासदांपैकी २५ फिफाचेही सभासद आहेत. उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन मिळून फिफाची मते ३५. म्हणजे या गटाची किल्ली बेटांच्या हाती. बेटे एकगठ्ठा मत देतील अशी व्यवस्था जो करील, तो जागतिक फुटबॉलमधला मोठा माणूस होणार हे ओघानेच आले.

तो माणूस होता त्रिनिदादचा जॅक वॉर्नर. १९८३ पासून कॅरिबियन संघटनेचे आणि १९९० पासून संपूर्ण विभागाचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. एका छोट्या बेटावरचा हा शिक्षक फिफाचा उपाध्यक्ष झाला, युरोपातले बडे नेते त्याची मनधरणी करू लागले. बेटांना याचा अभिमान वाटला असेल तर ते स्वाभाविकच होते. आपल्याकडे सहकारी संस्थांचे राजकारण जवळून पाहिलेल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. सभासद लहान, गरजू आणि विखुरलेले. नेता एकच, वरपर्यंत ओळखी असलेला. आणि मतपेटी ठरावीक दिशेने उघडणारी.

२०११ च्या मे महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या एका हॉटेलात बेटांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, कतारचे मोहम्मद बिन हम्माम तिथे आले होते. त्या वेळी प्रत्येक संघटनेला चाळीस हजार डॉलर रोख भरलेली पाकिटे देण्यात आल्याचा आरोप झाला. बहामाच्या प्रतिनिधीने नोटांचे छायाचित्र काढून पाकीट परत केले आणि प्रकरण फुटले. वॉर्नरने सर्व पदांचा राजीनामा दिला. २०१३ मध्ये विभागीय महासंघाच्या चौकशी अहवालात नमूद झाले, की फिफाच्या पैशातून त्रिनिदादमध्ये उभारलेले फुटबॉलचे मोठे केंद्र प्रत्यक्षात वॉर्नरच्या कंपन्यांच्या मालकीच्या जमिनीवर होते. २०१५ मध्ये अमेरिकेने त्याच्यावर आरोपपत्र ठेवले, फिफाने आजन्म बंदी घातली. वॉर्नरने आरोप नेहमीच नाकारले आहेत. न्यायालयात जे व्हायचे ते होवो. पण ज्या काळात ही बेटे फिफाच्या दरबारात सर्वात वजनदार होती, त्याच काळात त्यांतल्या अनेकांकडे धड मैदान नव्हते, हे विसरता येत नाही. मत मोठे झाले, खेळ लहानच राहिला.

किंग्स्टनमधील शून्य-शून्य

२०१७ च्या जूनमध्ये मार्टिनिकची राजधानी फोर-द-फ्रान्स इथे कुरसावने जमैकाला २-१ असे हरवून कॅरिबियन कप जिंकला. पुढच्या वर्षी विभागीय महासंघाने नवी 'नेशन्स लीग' सुरू केली आणि कॅरिबियन कपाची गरज संपल्याचे मानले गेले. आज 'कॅरिबियन कप' हे नाव आहे, पण २०२३ पासून ते बेटांवरील क्लबांच्या स्पर्धेला दिले आहे.

या बदलाचा निवाडा एका वाक्यात होण्यासारखा नाही. नेशन्स लीगमुळे महासंघाच्या एक्केचाळीसही सभासदांना सामने मिळू लागले, तेही ठरलेल्या तारखांना आणि आपल्या तोडीच्या संघांशी. पूर्वी लहान बेट चषकाच्या पहिल्याच फेरीत हरले, की पुढची दोन-तीन वर्षे रिकामी जात. आता तसे होत नाही. ज्या माँट्सेराटची गोष्ट वर आली, त्याने नव्या लीगच्या पात्रता फेरीत चारपैकी तीन सामने जिंकले आणि गोल्ड कप थोडक्यात हुकवला. हा नव्या व्यवस्थेचा नि:संशय लाभ आहे. पण एक गोष्ट गेली. सारी बेटे आपली म्हणून जो एक चषक खेळत, ज्याचा अंतिम सामना एखाद्या बेटावरच व्हायचा आणि ज्याचा विजेता 'समुद्राचा राजा' ठरायचा, तो सोहळा गेला. नव्या लीगच्या अंतिम लढती अमेरिकेच्या भव्य स्टेडियममध्ये होतात आणि तिथे अनेकदा अमेरिका आणि मेक्सिको यांची गाठ पडली आहे.

मग गंमत अशी झाली, की तो बेटांचा चषक निराळ्या वेषात परत आला. २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ घेण्याचे ठरले. यजमान म्हणून अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांना थेट प्रवेश मिळाला आणि पात्रता फेरीत तीन मोठे दांडगे उरलेच नाहीत. शेवटच्या फेरीत 'ब' गटात आले कुरसाव, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो आणि बर्म्युडा. चारही बेटे! नाव विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे, पण खेळायचे तेच जुने शेजारी.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी किंग्स्टनमध्ये शेवटचा सामना होता. कुरसावला बरोबरी पुरेशी होती, जमैकाला विजय हवा होता. जमैकाचे फटके पुन्हा पुन्हा गोलखांबांना लागून परतले. भरपाईच्या वेळेत पंचांनी जमैकाला पेनल्टी दिली, आणि पडद्यावर दृश्य पुन्हा पाहून ती मागे घेतली. सामना ०-० असा सुटला. कुरसावचे १२ गुण, जमैकाचे ११. २०१७ च्या अंतिम सामन्यातले हेच दोन संघ, निकालही त्याच बाजूचा. फक्त बक्षीस शेकडो पट मोठे. यापूर्वी विश्वचषक गाठणारा सर्वात लहान देश होता आइसलँड, लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख. कुरसाव त्याच्या निम्म्याहून लहान. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा त्याच्या गटात जर्मनी, एक्वाडोर आणि आयव्हरी कोस्ट आले.

त्याच रात्री हैतीनेही निकाराग्वाला २-० हरवून विश्वचषक गाठला, १९७४ नंतर प्रथमच. १९७४ मध्ये हैतीच्या सॅनोनने इटलीचा गोलरक्षक दिनो झोफ याला चकवून गोल केला होता आणि झोफचा हजारावर मिनिटांचा अभेद्यपणा मोडला होता. आजच्या हैतीत राजधानी सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे, तिथे सामना भरवणे अशक्य. मग या संघाने आपले 'घरचे' सामने कुठे खेळले? कुरसावमध्ये, विलेमस्टाडच्या मैदानावर. एका बेटाने दुसऱ्याला अंगण दिले, आणि दोघेही एकाच रात्री विश्वचषकात पोहोचले. तारीखही अशी, की १८०३ मध्ये १८ नोव्हेंबरलाच व्हर्टिएरच्या लढाईत हैतीच्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेचा पराभव करून स्वातंत्र्याची वाट मोकळी केली होती.

नातवंडांचे संघ

आता साहजिकच आपल्याकडे कोणीतरी म्हणेल, दीड लाखांचा कुरसाव विश्वचषकात जातो आणि एकशे चाळीस कोटींचा भारत जात नाही! ही तुलना टाळ्या घेणारी असली तरी न्याय्य नाही. कुरसाव हा डच राजसत्तेतला स्वायत्त देश आहे. २०१० च्या ऑक्टोबरात नेदरलँड्स अँटिल्स हा घटक विसर्जित झाला तेव्हा त्याला हे रूप मिळाले. तिथल्या लोकांकडे डच पारपत्र असते आणि कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नेदरलँड्समध्ये राहतात. पात्र ठरलेल्या संघातले जवळजवळ सारे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या अकादमींत घडलेले. तहिथ चाँगसारखा बेटावर जन्मलेला खेळाडू हा अपवाद. पात्रता फेरीतले प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट हेही डच, सत्तरी ओलांडलेले आणि जगभर संघ सांभाळलेले. म्हणजे बेट छोटे असले तरी त्यामागे जगातली एक उत्तम फुटबॉल शाळा उभी आहे.

मग हे यश उसने म्हणायचे का? तसेही नाही. १९९८ मध्ये जमैका विश्वचषकात गेला तेव्हा त्याचा पहिला गोल केला तो इंग्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबी अर्लने. या बेटांचा इतिहासच ये-जा करणाऱ्यांचा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे उसाच्या मळ्यांत राबली. त्यांची मुले-नातवंडे पोटासाठी लंडन, पॅरिस, रॉटरडॅमला गेली. बेटाने दोन पिढ्या माणसे बाहेर पाठवली, तिसऱ्या पिढीने झेंडा परत आणला. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कोकणी चाकरमान्याचा नातू गणपतीला गावी येतो आणि गावच्या संघातून खेळतो, त्याला आपण परका म्हणत नाही.

चिंता आहे ती वेगळी. बेटावरच राहणाऱ्या, सकाळी बंदरात काम करून संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलाचे काय? त्याला राष्ट्रीय सदरा मिळण्याची संधी कॅरिबियन कपात होती. युरोपातले खेळाडू सुट्टी मिळाली तरच येत, आणि लहान स्पर्धेसाठी क्लब त्यांना सहजी सोडत नसत. आता प्रत्येक सामन्यावर विश्वचषकाची छाया असते, तेव्हा संघ बाहेरच्यांनीच भरणार. विश्वचषकातून येणारा पैसा बेटावरच्या मैदानांत, शाळांत, स्थानिक लीगमध्ये उतरला तर कुरसावची ही रात्र पुढे पिढीला पुरेल. तो पदाधिकाऱ्यांच्या पाकिटांत अडकला, तर वॉर्नरच्या काळाचीच नवी आवृत्ती निघेल.

शेजारी हवाच

या साऱ्यातून आपल्यालाही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि तिचा पुरावा आपल्या अंगणातच आहे. १९९७ च्या जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत इराणने मालदीवचा १७-० असा फडशा पाडला होता. अशा पराभवातून कोणी काही शिकत नाही, फक्त मान खाली जाते. पण त्याच वर्षी काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत हाच मालदीव अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे भारताने त्याला ५-१ असे हरवले. हरणे कळण्याजोगे होते, म्हणून त्यातून शिकताही आले. २००८ मध्ये कोलंबोला मालदीवने अंतिम सामन्यात भारताला १-० ने हरवून तोच चषक जिंकला, आणि २०१८ मध्ये ढाक्याला पुन्हा २-१ ने. शेजाऱ्यांची स्पर्धा नसती तर मालदीवच्या नावापुढे फक्त तो सतराचा आकडा राहिला असता.

छोट्या देशाला मोठ्यांच्या पंक्तीत एकदम नेऊन बसवले तर तो पाहुणा म्हणून बसतो. त्याला आधी बरोबरीचे गडी लागतात, ज्यांच्याशी जिंकता येते, हरता येते, भांडता येते आणि पुढच्या वर्षी वचपाही काढता येतो. कॅरिबियन कपाने तीस वर्षे हे काम केले. नियम वेडेवाकडे होते, तिजोरी रिकामी होती, पुढाऱ्यांचे हात स्वच्छ नव्हते. तरीही काम झाले. ज्यांना बेटांच्या भवितव्याची काळजी आहे त्यांनी विश्वचषकाचा आनंद मनसोक्त साजरा करावा. पण तो ओसरला, की बेटाबेटांत फिरणारा तो चषक पुन्हा सुरू करण्याचा विचारही करावा, बेटावर राहणाऱ्या मुलांसाठी का होईना. त्याला अमेरिकेतले भव्य स्टेडियम लागत नाही. एक बरे मैदान, परवडणारे विमानाचे तिकीट आणि पलीकडच्या किनाऱ्यावर हार न मानणारा एक शेजारी, एवढे पुरते.